सीलबंद बरणीतली 'स्वयंपूर्ण परिसंस्था' किट: अकरा महिने वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगून ठेवते, रिव्ह्यू लांबलचक आहे. कारण या किटचे बाकीचे रिव्ह्यू वाचले तर एक तर 'खूप क्यूट, टेबलावर भारी दिसतं' असे आहेत नाहीतर 'दोन आठवड्यांत मेलं, पैसे पाण्यात' असे, आणि दोन्हीकडच्या लोकांनी बरणीत नक्की काय चाललंय हे वाकून बघितलेलं काही दिसत नाही. मी दोन किट मागवली होती, एक मला आणि एक भाचीला, तिला यंदा परिसंस्था अभ्यासाला आहे म्हणून. दोन्ही एकाच दिवशी आली, दोन्ही आम्ही एकाच संध्याकाळी शेजारी बसून भरली. माझी पाच आठवड्यांत सडली. तिची अकरा महिने झाले, मजेत चालू आहे. आणि ती मला हे रोज ऐकवते.

किटमध्ये काय येतं ते पटकन सांगते. मोठ्या तोंडाची जाड काचेची बरणी, रबरी रिंग असलेलं घट्ट झाकण, खडीचं पाकीट, कोळशाचे तुकडे, एक बारीक जाळी, विटेसारखं दाबलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मॉसचे दोन तुकडे, एक छोटं फर्न, एक फिटोनिया, वाळकी पानं, लाकडाचा एक वाकडा तुकडा, लांब चिमटा, आणि एका इटुकल्या डबीत स्प्रिंगटेल, म्हणजे मातीत राहणारे बारीक उड्या मारणारे जीव. शिवाय आठ पानी रंगीत माहितीपत्रक. काच आणि झाकण एक नंबर, त्यात खोट काढायला जागाच नाही, रिंग इतकी घट्ट की पहिल्यांदा उघडताना भाचीला टॉवेल लागला. झाडंही पॅकिंगमधून ताजी निघाली. म्हणजे दिसणाऱ्या वस्तूंवर यांनी खर्च केलाय. न दिसणाऱ्या गोष्टींचं काय ते पुढे येतंच.

पहिलं भांडण माहितीपत्रकाशी. पहिल्याच पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलंय, 'एकदा बंद करा आणि विसरून जा, या जगाला बाहेरून काहीही लागत नाही.' अहो लागतं की, उजेड लागतो! बरणीचं झाकण पदार्थाला बंद आहे, म्हणजे पाणी, कार्बन, नत्र हे सगळं आतल्या आतच फिरणार, पण ऊर्जा काचेतून रोज नव्याने आत येते आणि उष्णता होऊन रोज बाहेर जाते. ती अडवली की खेळ खलास. पृथ्वीचंही बरंचसं असंच आहे, अधूनमधून पडणारी उल्काधूळ आणि वरून निसटणारा थोडा वायू सोडला तर माल तोच तोच आणि सूर्य मात्र रोज ताजा. आता 'विसरून जा' हे वाचून कुणी बरणी कपाटात ठेवली आणि महिन्याभराने काळा लगदा बघून एक स्टार दिला तर चूक कुणाची?

त्यात तिसऱ्या पानावर 'अंतराळ संशोधनातून आलेलं तंत्रज्ञान' असं छापलंय. बंद परिसंस्थांवर अंतराळवाल्यांनी काम केलंय हे खरं, पण काचेत झाड बंद करायची ही युक्ती त्याहून खूपच जुनी. नॅथॅनियल वॉर्ड नावाचा लंडनचा डॉक्टर होता, त्याने १८२९ मध्ये एका पतंगाचा कोश ओल्या मातीत घालून बाटली बंद केली होती, आणि पतंगाचं राहिलं बाजूला, त्या मातीतून फर्न आणि गवत उगवून आलं, जे फर्न त्याच्या अंगणात कोळशाच्या धुरामुळे धड जगत नव्हतं. पुढे त्याने काचेच्या पेट्या करून १८३३ मध्ये झाडं जहाजाने सिडनीपर्यंत पाठवली, आणि ती जिवंत पोचली. चहाची रोपं चीनमधून भारतात आली तीही असल्याच पेट्यांमधून. एवढी झकास खरी गोष्ट असताना उगाच रॉकेटचं चित्र कशाला.

आता माझ्या बरणीची कहाणी. पत्रकात लिहिल्याप्रमाणे सगळं कोकोपीट भिजवलं, वर दिलेलं मापभर पाणी घातलं, आणि 'भरपूर प्रकाशात ठेवा' म्हटलंय म्हणून थेट ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवली. चौथ्या दिवशी काचेवर इतकी वाफ धरली की आतलं काही दिसेना. दुसऱ्या आठवड्यात फर्नची खालची पानं पिवळी पडायला लागली, वरची हिरवीच. तिसऱ्या आठवड्यात फिटोनिया वितळल्यासारखी झाली, शब्दशः, देठ धरला तर हातात बुळबुळ. पाचव्या आठवड्यात झाकण उघडलं आणि खोलीभर सडक्या अंड्याचा वास सुटला, नवरा आतल्या खोलीतून विचारतोय गॅस लीक झालाय का.

तो वास म्हणजेच निदान आहे, हे मला नंतर कळलं. खडीच्या थरात पाणी साचलं की तिथली हवा संपते, हवा संपली की ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि बिनहवेचे पुढे येतात, त्यातले काही सल्फेटवर गुजराण करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तोच तो वास. म्हणजे माझी बरणी 'मेली' असं म्हणणंही तसं चूकच, परिसंस्था चालूच होती, फक्त ती आता फर्नची राहिली नव्हती. मुळं गुदमरली, वरून उन्हाने काच तापून आत भट्टी झाली. पत्रकात कोळशाबद्दल 'पाणी शुद्ध करतो' एवढंच लिहिलंय. कोळसा काही गोष्टी धरून ठेवतो हे बरोबर, पण त्याचीही धरायची मर्यादा आहे, आणि साचलेल्या पाण्यात ऑक्सिजन काही तो घालत नाही.

आणि ती पिवळी पानं, त्यांच्यावर माझा विशेष राग आहे कारण ती माझी चूकच नव्हती. जुनी पानं आधी पिवळी पडतात तेव्हा पहिला संशय नत्राच्या कमतरतेवर घ्यायचा, कारण नत्र झाडाला आत हलवता येतो, ते जुन्या पानातून काढून नव्याला देतं. आता बरणीतल्या हवेत नत्र आहे की, ७८ टक्के आहे, पण झाडाला तो त्या रूपात घेताच येत नाही, समुद्रात बसून तहानेने मरण्यातला प्रकार. त्याला तो अमोनियम नाहीतर नायट्रेट होऊन मातीत मिळावा लागतो, आणि ते काम जिवाणूंचं. किटमध्ये मात्र माती नाहीच, कोकोपीट आहे, ज्यात कार्बन ढीगभर आणि नत्र नावाला. असलं खाद्य कुजवायला बसलेले जिवाणू स्वतःच्या शरीरासाठी लागणारा नत्र आजूबाजूचा ओढून घेतात, झाडाला उरतच नाही. घरी कंपोस्ट करणाऱ्यांना हे तोंडपाठ असतं, कार्बन आणि नत्राचं प्रमाण पंचवीस-तीसास एकच्या आसपास ठेवायचं, नुसती वाळकी पानं आणि भुसा घातला तर ढीग महिनोन्महिने तसाच बसतो. त्यात पाणी साचलं की आणखी एक वाट लागते, काही जिवाणू उरलासुरला नायट्रेटसुद्धा वायू करून हवेत सोडून देतात. पत्रकात जलचक्र आहे, कार्बनचक्र आहे, बाण वगैरे छान रंगीत आहेत, नत्राचा मात्र न सुद्धा नाही.

भाचीची बरणी का जगली? तिने पत्रक वाचलंच नाही. अर्धवट पाणी घातलं कारण कंटाळा आला, खिडकीपासून लांब टेबलावर ठेवली कारण तिथे जागा होती, आणि कोकोपीट कमी पडतंय म्हणून कुंडीतली दोन मुठी जुनी माती आणि तळाची कुजकी पानं आत ढकलली. ती मूठभर माती हाच या सगळ्यातला खरा माल होता असं माझं मत झालंय. त्यात जिवाणू, बुरशी, सूत्रकृमी, अंडी, बिया, काय काय असेल देव जाणे, किटच्या कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नसलेलं सगळं. सोबत मातीतली चिलटंही आली, ती पहिले तीन आठवडे काचेवर आतून बसलेली दिसायची, मग दिसेनाशी झाली.

नवव्या दिवशी तिच्या बरणीत लाकडाच्या तुकड्यावर पांढरा कापूस धरला. मला वाटलं हीपण गेली. बऱ्याच लोकांनी याच पायरीवर बरणी ओतून दिली असणार, रिव्ह्यूंमधले फोटो बघितले तर कळतं, तोच तो पांढरा कापूस. पत्रकात याबद्दल एक ओळ नाही, जी असायलाच हवी होती, मोठ्या अक्षरात. तर आम्ही भिंग घेऊन बसलो. टॉर्च बाजूने मारायची म्हणजे काचेवर चमक येत नाही. कापसाच्या कडेला पांढरे ठिपके, एक-दोन मिलिमीटरचे, आणि ते हलतायत. स्प्रिंगटेल. भाचीने काचेवर टिचकी मारली तर एक ठिपका होता तिथून गायबच झाला आणि दोन इंच लांब उगवला. यांच्या पोटाखाली दुमडलेला काट्यासारखा एक अवयव असतो, खिटीत अडकवलेला, खिटी सुटली की तो जमिनीवर आपटतो आणि प्राणी हवेत. सहा पाय असले तरी आता त्यांना कीटकांत मोजत नाहीत म्हणे, शेजारचा वेगळा गट. तर हे ठिपके बुरशी चरत होते. गुरं चरावीत तशी, एका कडेने. दोनेक आठवड्यांत तो कापूस साफ झाला, आणि ठिपके पाच-दहा होते ते मोजता येईनात.

इथे माझ्या डोक्यातली एक जुनी गोष्ट सरळ झाली. शाळेत परिसंस्था म्हटलं की आपल्याला काय आठवतं, गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. एक दुसऱ्याला खातो, दुसरा तिसऱ्याला, आणि विघटक म्हणून कोपऱ्यात एक छोटा बाण, पाच मार्कांतला अर्धा मार्क. प्रत्यक्षात जंगलातल्या झाडांनी बनवलेल्या अन्नातला बहुतेक भाग हिरवा असताना कुणी खातच नाही, तो पान गळून, फांदी मोडून, मूळ मरून खाली येतो आणि तिथून पुढची खरी साखळी सुरू होते. बुरशी, जिवाणू, त्यांना चरणारे, त्यांची विष्ठा खाणारे. वरच्या मजल्यावरचं नाटक बघायला मजा येते पण घर तळमजल्यावर चालतं. बरणीत तर वरचा मजला नाहीच, सगळा कारभार तळातच. आणि म्हणून ज्या डबीत स्प्रिंगटेल आले ती एवढीशी का, हा माझा कंपनीला प्रश्न आहे. माझ्या डबीत तर मला एकही हलताना दिसला नव्हता, कोळशाचे तीन कण आणि थोडं पाणी. काचेवर एवढा खर्च करता मग ज्यांच्या जिवावर हे चालतं त्यांचीच काटकसर!

बरेच लोक लिहितात, 'झाड वाढतच नाही, फसवणूक.' इथे मात्र मी कंपनीच्या बाजूने आहे. बंद बरणीत झाड वाढत राहील तर कशातून? आत कार्बन जेवढा आहे तेवढाच आहे. झाड प्रकाशसंश्लेषणातून साखर बनवतं, त्यातली निम्म्याच्या आसपास स्वतःच श्वसनात जाळतं, उरलेल्यातून पान-मूळ होतं, ते कधीतरी मरतं, तळातली मंडळी ते कुजवतात आणि कार्बन डायऑक्साइड परत हवेत सोडतात, तोच पुन्हा झाडाला मिळतो. सुरुवातीला हवेतला आणि मातीतला साठा वापरून झाड जोरात वाढतं, मग थांबतं. म्हणजे जेवढं बनतंय तेवढंच कुजतंय. भाचीच्या बरणीत चौथ्या महिन्यापासून हेच चाललंय, एक नवं पान उलगडतं तेव्हा कुठेतरी एक जुनं तपकिरी होतं. जुन्या जंगलातही साधारण हीच गत असते, लाकडाची भर आणि लाकडाची कूज जवळजवळ बरोबरीत येते. तेव्हा न वाढणारी बरणी म्हणजे बिघडलेली बरणी नव्हे. वाढतच राहणारी दिसली तर उलट शंका घ्या की झाकण गळतंय.

रात्रीचं पण एक सांगते, कारण पत्रकात 'झाडं ऑक्सिजन देतात, सूक्ष्मजीव तो वापरतात' अशी जोडी लावलीय, जसं काही झाडं स्वतः श्वासच घेत नाहीत. अंधार झाला की झाडासकट सगळेच ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात, पहाटेपर्यंत तो साठत जातो, उजेड पडला की झाड तो परत ओढायला लागतं. एवढ्याशा बरणीत हे चढउतार मोठ्या जगापेक्षा खूपच तीव्र असणार. आपल्याला दिसतो तो फक्त पाण्याचा भाग. सकाळी काचेच्या एका बाजूला बारीक धुकं, मग थेंब, मग एक थेंब दुसऱ्याला मिळतो आणि रेघ ओढत खाली मॉसवर. मी चहा घेऊन भाचीकडे बसले की तेवढंच बघत बसते.

आता गोगलगाय. सहाव्या महिन्यात भाचीला वाटलं की आपल्या परिसंस्थेत 'भक्षक' नाही, वहीत आकृती काढायची तर उत्पादक आणि विघटक एवढेच होतात, म्हणून बाईसाहेबांनी बागेतली एक नखाएवढी गोगलगाय आत सोडली आणि मला सांगितलं नाही. तीन आठवड्यांनी मी गेले तर फर्नच्या नुसत्या काड्या. 'मावशी, एवढीशी तर आहे, एवढं कसं खाल्लं?' मग तिला हिशोब घालून दाखवला. उजेडातली एक टक्क्याच्या आसपास ऊर्जा, बऱ्याचदा त्याहून कमीच, झाडाच्या अन्नात उतरते. त्यातलं जे खाल्लं त्यातून ढोबळमानाने दहा टक्के खाणाऱ्याच्या शरीरात उतरतं, बाकीचं श्वसनात, विष्ठेत, उष्णतेत जातं. म्हणजे एक ग्रॅम गोगलगाय व्हायला दहाएक ग्रॅम पान गेलं. त्या गोगलगायीवर जगणारं कुणी हवं असेल तर पुन्हा दहापट. आपल्या बरणीत मूठभर पानं, तर वरच्या पातळीला जागाच नाही, ज्याला आत सोडशील तो घरच खाणार.

हा दहा टक्क्यांचा नियम सगळे पाठ करतात पण तो कुठून आला हे कुणी सांगत नाही, तेही मी तिला सांगितलं. रेमंड लिंडमन नावाचा तरुण अमेरिकन, मिनेसोटातल्या सीडर बॉग लेक नावाच्या छोट्या तळ्यात काही वर्षं बसून त्याने कोण कुणाला खातं आणि किती ऊर्जा कुठून कुठे जाते याचा हिशोब मांडला. त्याचा लेख परीक्षकांनी आधी नाकारला होता, फार तात्त्विक आहे म्हणून. शेवटी १९४२ मध्ये छापून आला, पण तोपर्यंत तो गेला होता, वय २६. आणि दहा टक्के हा काही दगडावरचा आकडा नाही, जागेप्रमाणे आणि प्राण्याप्रमाणे बराच कमीजास्त होतो, परीक्षेत मात्र दहाच लिही म्हटलं.

गोगलगाय बागेत परत सोडली. पण पुढे जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं. महिन्याभरात फर्नने जे नवे कोंब काढले ते आधीपेक्षा गडद हिरवे. माझा अंदाज असा की जे पान कुजायला कित्येक महिने घेतलं असतं ते गोगलगायीने तीन आठवड्यांत बारीक करून विष्ठेच्या रूपात तळाला दिलं, तळातल्यांनी ते पटकन फोडलं आणि अडकून पडलेला नत्र मोकळा झाला. चरणाऱ्या प्राण्यांचं हेही एक काम असतं, पोषकद्रव्यांचं चाक जोरात फिरवणं. तर भाचीच्या आगाऊपणाचा फायदाच झाला म्हणायचा, तिला हे सांगितलेलं नाही. प्लीज तुम्ही मुद्दाम सोडू नका, तीन ऐवजी सहा आठवडे राहिली असती तर काड्याही उरल्या नसत्या.

परत पत्रक. पाचव्या पानावर 'ऊर्जाचक्र' असं शीर्षक आहे. वाचून मी कपाळाला हात लावला. पाण्याचं चक्र असतं, कार्बनचं असतं, नत्राचं असतं, ऊर्जेचं चक्र नसतं हो! ऊर्जा एका बाजूने येते आणि उष्णता होऊन निघून जाते, परत वापरता येत नाही, म्हणून तर तिला प्रवाह म्हणतात. लहान मुलांसाठी म्हणून विकता आणि नेमकं हेच चुकीचं शिकवता. त्याच पानावर मनोरा काढलाय, खाली गवत, वर ससा, त्यावर साप, त्यावर घार, आणि खाली लिहिलंय 'सर्व परिसंस्थांत वरच्या पातळीचं वजन व संख्या कमी असते.' सर्व नाही. एका झाडावर हजारो अळ्या असतात तिथे संख्येचा मनोरा उलटा होतो. समुद्रात बऱ्याच ठिकाणी वनस्पतीप्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचं, एकूण वजन त्यांना खाणाऱ्यांपेक्षा कमी भरतं, कारण ते भराभर जन्मतात आणि भराभर खाल्ले जातात. कायम सरळ राहतो तो ऊर्जेचा मनोरा. आणि मुळात फर्न आणि मॉसच्या बरणीसोबत साप-घारीचं चित्र का? भाची म्हणाली साप वेगळा मागवायचा असेल.

एक गोष्ट मात्र पत्रकाने बरी केलीय, शेवटच्या पानावर आर्थर टॅन्सलेचा उल्लेख आहे, की परिसंस्था हा शब्द त्याने १९३५ मध्ये छापून आणला. मात्र त्याने नेमकं काय म्हटलं ते गाळलं, आणि ते या वस्तूला फारच लागू पडतं. त्याचं म्हणणं होतं की सजीव एकीकडे आणि माती-पाणी-हवा दुसरीकडे असं तोडून बघू नका, दोन्ही मिळून एकच व्यवस्था आहे, आणि तिची हद्द अभ्यासासाठी आपण आपल्या मनाने आखतो, एरवी या व्यवस्था एकमेकींत मिसळलेल्याच असतात. तळं कुठे संपतं आणि काठ कुठे सुरू होतो? काठावरची पानं तळ्यात पडतात, तळ्यातली चतुर माशी उडून काठावर जाते. बरणीत ही हद्द काचेची आहे, आखावी लागत नाही, म्हणून शिकायला सोपी. पण या काचेमुळेच ती लंगडीही आहे, बाहेरून बी येणार नाही, एखादी जात मेली तर परत येणार नाही.

मोठ्या प्रमाणावर केलं तर जमतं का, असं कुणाच्या मनात असेल तर अमेरिकेतल्या ॲरिझोनात करून बघितलंय. बायोस्फिअर २, तीन एकरांपेक्षा जरा मोठी काचबंद इमारत, आत छोटं वर्षावन, छोटा समुद्र, शेती. २६ सप्टेंबर १९९१ ला आठ माणसं आत गेली, दोन वर्षांसाठी. सव्वा वर्षाच्या आसपास ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साधारण साडेचौदावर आला, माणसांना जिना चढवेना, शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. कारण पुन्हा तळातलंच. झाडं जोमात यावीत म्हणून माती भरपूर सेंद्रिय घातली होती, त्यातले सूक्ष्मजीव झाडांच्या वेगापेक्षा जास्त श्वसन करत राहिले, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांकडे जायच्या ऐवजी बराचसा बांधकामाच्या काँक्रीटने शोषून घेतला, त्यामुळे ऑक्सिजन परत यायची वाटच बंद. परागीभवन करणारे किडे मेले, मुंग्या आणि झुरळं मात्र माजली. एवढा पैसा, एवढे शास्त्रज्ञ, आणि तिथेही हिशोब चुकला तो मातीचा. माझी बरणी सडली याचं दुःख मला हे वाचल्यावर जरा कमी झालं.

कस्टमर केअरबद्दल. सडलेल्या बरणीचे फोटो पाठवले तर पहिलं उत्तर, 'मॅडम, आपण पाणी जास्त घातलं असणार.' मी पत्रकातल्या मापाच्या ओळीचा फोटो पाठवला. मग दोन दिवस शांतता. मग 'मॅडम, ऊन जास्त लागलं असणार.' मी 'भरपूर प्रकाशात ठेवा' या ओळीचा फोटो पाठवला. तिसऱ्या दिवशी एका मुलीने फोन केला, ती बिचारी खरंच ऐकून घेणारी होती, म्हणाली ताई, आम्हाला रोज हेच फोन येतात, मी वर कळवते. आठवड्यात नवीन झाडं आणि स्प्रिंगटेलची डबी आली, या वेळी डबीत हलणारे होते. त्या बाबतीत तक्रार नाही.

ती दुसरी बरणी मी माझ्या पद्धतीने भरली, घेणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते. कोकोपीट अर्धंच, बाकी जुन्या कुंडीतली भुसभुशीत माती, खत घातलेली नको, आणि वर अर्धवट कुजलेली पानं, ज्यांच्या मागे बुरशीचे पांढरे धागे दिसतात ती. पाणी सांगितलंय त्याच्या निम्म्याहून कमी, हळूहळू, स्प्रेने, खडीच्या थरात पाणी दिसायला लागलं की जास्त झालं समजायचं. सकाळी काचेच्या एका बाजूला धुकं आणि दुपारपर्यंत ते विरलं तर माप बरोबर. पूर्ण काच दिवसभर ओली तर झाकण एक दिवस उघडं ठेवा. उजेड हवा, थेट ऊन अजिबात नको. स्प्रिंगटेल आधी आठवडाभर मातीत राहू द्या, मग झाडं. आणि कापूस धरला तर हात लावू नका, थांबा. आठ-नऊ महिन्यांत मी एकदाच उघडली, उघडल्यावर पहिल्या पावसात मातीला येतो तो वास आला. तो वासही तळातल्याच एका जिवाणू मंडळींचा, नवऱ्याला बोलावून मुद्दाम हुंगायला लावला.

स्टार द्यायचे तर काचेला आणि झाकणाला पाच, झाडांना चार, स्प्रिंगटेलच्या डबीला दोन, पत्रकाला एक, तोही टॅन्सलेमुळे. सरासरी काढली तर तीन येतात, तीन देतेय. ज्यांना नुसतं टेबलावर ठेवायला हवंय त्यांनी प्लास्टिकचं झाड घ्या, खरंच, कमी मनस्ताप. ज्यांच्या घरात प्रश्न विचारणारं पोरगं आहे त्यांनी डोळे झाकून घ्या, फक्त पत्रक आधी लपवून ठेवा.

अपडेट: हा रिव्ह्यू टाकायच्या आधी मी चुकांची यादी त्यांना मेल केली होती, परवा नवं पत्रक पोस्टाने आलं. 'ऊर्जाचक्र' चं 'ऊर्जाप्रवाह' केलंय, पाण्याचं माप निम्मं केलंय, पांढऱ्या बुरशीवर चौकट टाकलीय. नत्र अजून नाही. साप आहे. स्टार तीनच ठेवतेय, नत्र आलं की चार करीन.